पुढून आजोबा, मागून नातू

माझ्या हाती कुठलंही वाहन धड राहत नाही, हे आमच्या नात्यागोत्यात सर्वमान्य होतं. शाळेत असताना वडिलांची सायकल मी गावी विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवली होती, ती विहिरीत गेली. कॉलेजात एका मित्राची मोपेड एक दिवसासाठी मागून आणली. पेट्रोल संपलं म्हणून भर उन्हात दोन मैल ढकलत नेली आणि दारात गेल्यावर कळलं की पेट्रोलचा कॉकच बंद होता. त्यामुळे भावजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्यानं, त्यांची मोटारसायकल मला द्यायचं बोलून दाखवलं, तेव्हा ताईनं हातातली कढई खाली ठेवली.

"याला?" ती म्हणाली.

"मी नवी घेणार आहे. ही परक्याला कशाला विकायची? घरातच राहू दे," भावजी म्हणाले.

"घरात राहायला आधी ती राहिली तर पाहिजे ना!"

भावजी वसईजवळच्या होळी गावचे. घरामागे पिढीजात वाडी, तिच्यात केळी, पडवळ, दोडकी आणि बांधाला झेंडू. सकाळी उठून वाडीला पाणी लावायचं, मग इस्त्रीचा शर्ट घालून नोकरीवर जायचं, असा त्यांचा दुहेरी संसार. माणूस शांत, पण वस्तूंच्या बाबतीत भयंकर जपणारा. गाडी घेऊन दोन वर्षं झाली होती तरी सीटवरचं प्लास्टिक त्यांनी काढलं नव्हतं. उन्हाळ्यात त्यावर बसलं की माणूस चिकटायचा आणि उतरताना आवाज यायचा. गाडी काळी कुळकुळीत, पुढे चौकोनी दिवा, आणि आमच्या भागात तेव्हा चौकोनी दिव्याच्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सव्वीस वर्षांचा होतो, नोकरीला होतो, विरारला मनवेलपाड्यात आईवडिलांबरोबर राहत होतो, आणि अजून चालत किंवा रिक्षात शेअर करून फिरत होतो. त्या चौकोनी दिव्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं आणि भावजींना कंपनीनं कसल्याशा ट्रेनिंगसाठी बाहेरगावी पाठवलं. यायचे ते थेट दसऱ्याला. जाताना त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, पण लगेच सोडली नाही.

"शालकबुवा, अट एकच. आल्यावर मी गाडी बघणार. जशी देतोय तशी दिसली, तर त्याच दिवशी तुझी. नाही दिसली, तर विषय संपला. पुन्हा कधी निघायचा नाही."

"भावजी, तुम्ही ओळखणार नाही इतकी छान ठेवतो."

हे वाक्य मी बोललो. माझ्याच तोंडानं. पुढे ते शब्दशः खरं ठरलं.

पहिले तीन आठवडे मी आदर्श होतो. रोज सकाळी उठल्याबरोबर दात घासायच्या आधी खाली जाऊन गाडी आहे ना हे बघून यायचो. आईच्या जुन्या लुगड्याचं पांघरूण तिला करून दिलं होतं. आठवड्यातून दोनदा पुसणं, रविवारी सावकाश होळीला जाऊन ताईला हजेरी देणं, परत येणं. वाटेत खड्डा दिसला की मी उतरून गाडी हातानं पलीकडे नेत असे. मागून येणारे हसत. मी हसू देत असे. अशी तीन आठवड्यांची पुण्याई जमली की माणसाला वाटतं, आपण सुधारलो. तिथंच घात होतो.

दसऱ्याला दहाएक दिवस उरले होते. त्या रविवारी मी ठरवलं की ताईकडे रिकाम्या हातानं जायचं नाही. ताईला दाढा मासा जीव की प्राण. मी गाडी काढली आणि वसई किल्ल्यातून जाणाऱ्या रस्त्यानं थेट पाचूबंदरला गेलो. होड्या लागल्या होत्या, लिलाव ओसरत आला होता. एका नाखवाकडे माझ्या हाताएवढा लांब दाढा होता, चांदीसारखा चमकणारा. घासाघीस केली, म्हणजे त्यांनी सांगितलेल्या भावाला मी दोनदा मान हलवली आणि घेतला.

"कापून देतो," नाखवा म्हणाले. "कापल्यावर पिशवीत बसेल नीट."

"नको, नको. अख्खाच द्या."

कारण मला तो मासा दोन्ही हातांवर आडवा धरून, एखादं बक्षीस जिंकून आणल्यासारखा, होळीच्या त्या अंगणात शिरायचं होतं. शेजारणींनी बघावं, ताईनं डोळे विस्फारावे. नाखवांनी दोनदा समजावलं, मग खांदे उडवून तो एका गोणपाटात गुंडाळून दिला. मी तो पेट्रोलच्या टाकीवर आडवा ठेवला आणि पोटानं दाबून धरला. डावीकडे त्याचं डोकं बाहेर, उजवीकडे शेपूट.

सरळ रस्त्यावर काही अडचण नव्हती. मासाही खूश होता, मीही. किल्ल्यात शिरल्यावर दगडी दरवाज्यापाशी रस्ता डावीकडे वळतो. मी हँडल डावीकडे वळवलं. ते बोटभर वळलं आणि थांबलं. हँडलची मूठ दाढ्याच्या डोक्याला टेकली होती. मासा मेला होता, पण हटत नव्हता. ब्रेक लावायचं सोडून मी "अरे, अरे" असं म्हणत राहिलो. कुणाला म्हणत होतो ते आजही माहीत नाही, बहुतेक माशाला.

मराठ्यांनी पोर्तुगीजांवर चढाई केल्यानंतर त्या किल्ल्याला समोरून धडक देणारा मीच असेन. किल्ल्याचा एक टवकाही उडाला नाही. मला गुडघ्याला खरचटलं तेवढंच. गाडी मात्र... पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या ज्या दोन उभ्या नळ्या असतात, ज्यांना मिस्त्री लोक चिमटा म्हणतात, त्या गुडघ्यात वाकल्या होत्या, आणि चाक मागे जाऊन इंजिनाला भेटलं होतं. चौकोनी दिव्याच्या काचेचे तुकडे दाढ्याच्या अंगावर पडले होते. दाढा गोणपाटात सुखरूप होता.

मागून सायकलवर नाखवा आले. उतरले. त्यांनी आधी भिंत पाहिली, मग मला, मग मासा.

"ही भित पोर्तुगीजांच्या टायमापासून हितंच उभी हाय," ते म्हणाले. "आजच कशी आडवी आली तुला?"

"हँडल वळलं नाही, नाखवा."

"तरी म्हनलं व्हतं कापून देतो."

आम्ही दोघांनी गाडी ओढत त्यांच्या घरापर्यंत नेली. वाटेत त्यांनी एकदा सहज सांगितलं, "हिची थोरली भैन हाय माझ्याकडं. घरामागं पडलीय." माझं लक्ष नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे फक्त दसरा होता.

मासा घेऊन मी रिक्षानं होळीला गेलो. अंगणात शिरलो तो गोणपाट काखेत मारून.

"गाडी कुठाय?" ताईनं विचारलं.

"सर्व्हिसिंगला टाकलीय."

"रविवारी?"

"गर्दी नसते रविवारी."

ताईनं गोणपाट उघडलं. मासा उलटसुलट केला. त्याच्या डोक्यापाशी जरा जास्त वेळ बघत राहिली. मग माझ्या खरचटलेल्या गुडघ्याकडे पाहिलं.

"माशाला लागलंय बरंच," एवढंच म्हणाली आणि विळी घ्यायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या टेम्पोत घालून गाडी मनवेलपाड्याला आणली. आमच्या चाळीच्या टोकाला एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक पत्रा, एक पेटी आणि एक खुर्ची, जिला पाय तीन होते. मिस्त्री कोल्हापूरकडचा, पण मुंबईत हयात गेल्यामुळे बोलणं मिसळीसारखं झालेलं. त्यानं गाडीकडे एकदा बघितलं आणि तंबाखूची डबी काढली.

"चिमटा खलास. दिवा खलास. चाकाचा आठ झालाय."

"दसऱ्याच्या आत नवा चिमटा बसेल?"

"नवा? शोरूममध्ये विचारून ये."

शोरूममध्ये विचारलं. मॉडेल नवं, भाग मागवायला लागतील, तीन आठवडे लागतील. आकडाही सांगितला. मी काउंटरवरचं पाणी प्यायलो आणि परत आलो.

"टेन्शन नाय घ्यायचं," मिस्त्री म्हणाला. "जुन्या मॉडेलचा चिमटा टाकू. कंपनीनं काय बदललं? स्टिकर बदललं. आतून दोघी सख्ख्या बहिणी. नट उघड, नट बंद कर. अर्ध्या तासाचं काम. कुणाच्या बापाला कळणार नाय."

सख्ख्या बहिणी म्हटल्याबरोबर नाखवांचे शब्द आठवले. थोरली भैन, घरामागं. मला वाटलं, देव आहे!

ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवलं आणि पाचूबंदर गाठलं. नाखवांच्या घरामागे खरंच एक जुन्या मॉडेलची गाडी होती. वर्षानुवर्षं तिच्यावर माशांच्या टोपल्या वाहिल्या होत्या. इंजिन काढून कुणाला तरी विकलेलं. मागचं चाक नव्हतं. पण पुढचा भाग ठणठणीत. चिमटा सरळ, चाक गोल, आणि दिवासुद्धा. तोही गोल. माझा आनंद गगनात मावेना. फक्त एक भानगड होती. बोंबील वाळत घालायला घरामागे बांबूचे खांब रोवून दोऱ्या बांधल्या होत्या. त्यातला कोपऱ्यातला खांब पावसात मोडला होता, आणि त्या जागी दोरी बांधली होती ती थेट या गाडीच्या चिमट्याला. गाडी हलली की सगळी दोरी खाली, आणि दोरीवर हजारभर बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडे अडकवून लटकत होते.

"नाखवा, हा चिमटा मला द्या," मी म्हणालो.

नाखवा म्हणाले, "माझी काय ना नाय. हिला इचार."

ही म्हणजे त्यांची बायको. कमरेला कासोटा, हातात काठी, नजर बोंबलांवर.

"मावशी, चिमटा..."

"बोंबील सुकल्याबिगर गाडी हलायची नाय."

"मावशी, मी दुसरा बांबू रोवून देतो ना."

त्यांनी माझे हात पाहिले. ऑफिसात फायली उचलणारे हात. "तू बांबू रोवनार आनि माझे बोंबील मातीत जानार. नाय. तीन दिस थांब. ऊन चांगला हाय."

"तीन दिवस?"

"घाई हाय तर इथंच बस. कावळे हाकल. मला तेवढीच बाजारात जायला सवड."

वाचकहो, मी तीन दिवस कावळे हाकलले. पदवीधर माणूस, शर्टाच्या खिशाला पेन, डोक्यावर रुमाल, आणि हातात मावशींची काठी. ऑफिसात माझं पोट बिघडलेलंच होतं. पाचूबंदरचे कावळे साधे नसतात. एक समोर येऊन मुद्दाम ओरडायचा, मी त्याच्यामागे धावलो की दुसरे दोघे मागून बोंबील घेऊन जायचे. दुसऱ्या दिवशी मावशी परत आल्या, त्यांनी दोरीवरच्या रिकाम्या जागा मोजल्या आणि विचारलं, "तू राखन करतोस का वाढप?" तिसऱ्या दिवशी मात्र जरा जम बसला. संध्याकाळी मावशींनी एक बोंबील हातात घेऊन मोडून पाहिला, कट्कन मोडला, तेव्हा मला बारावीचा निकाल लागल्यासारखं वाटलं.

चिमटा सोडवला. त्यातलं जुनं तेल म्हणजे गंजाचं तांबडं पाणी होतं. मिस्त्रीनं सांगितलं होतं की आत ताजं, घट्ट तेल भरावं लागेल, त्यावरच गाडी धक्के झेलते.

"पडवीत दोन डबे हायेत," नाखवा म्हणाले. "काल्या डब्यात होडीच्या इंजिनाचा तेल हाय, तो घे बाटलीत."

पडवीत गेलो. एका डब्यात काळंभोर तेल. दुसऱ्यात सोनेरी, मधासारखं, घट्ट. मी विचार केला, नाखवा भोळा माणूस, मला इंजिनातलं वापरलेलं तेल देतोय. चांगलं ताजं तेल समोर असताना काळं का न्यायचं? मी सोनेरी तेलाची बाटली भरली, वर मनात म्हटलं, भावजींच्या गाडीला उत्तमच घातलं पाहिजे. त्याला काही वास आहे का हे बघायला हवं होतं. पण तीन दिवस बोंबलांखाली बसलेल्या माणसाचं नाक म्हणजे नुसती शोभेची वस्तू.

मिस्त्रीच्या नाकाचं तर पेट्रोलनं केव्हाच वाटोळं झालेलं. त्यानं ते तेल बोटांनी चोळून पाहिलं. "माल चांगलाय," म्हणाला.

मग सुरू झालं अर्ध्या तासाचं काम. सख्ख्या बहिणी एकमेकींना अजिबात ओळखत नव्हत्या. जुन्या चिमट्याच्या नळ्या बारीक, नव्या गाडीची भोकं मोठी. मिस्त्री म्हणाला, "मग वरची पट्टी पण जुनी टाकू." जुनी पट्टी टाकली तर तिच्यावर नवं हँडल बसेना. जुनं हँडल टाकलं. नव्या चाकाचा दांडा जुन्या चिमट्यात जाईना, तसंही त्या चाकाचा आठ झालेला, म्हणून जुनं चाक आलं. जुन्या चाकावर नवं प्लास्टिकचं मडगार्ड घासायला लागलं, म्हणून जुनं पत्र्याचं मडगार्ड आलं. चौकोनी दिवा फुटलाच होता, आणि फुटला नसता तरी जुन्या चिमट्याला त्याची बैठकच नव्हती. गोल दिवा बसला. शर्टाचं एक बटण लावायला जावं आणि शिंप्यानं वर लग्नाचा कोट चढवून पाठवावं, तसं झालं. पाचूबंदरला माझ्या तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला नाखवांनी विचारलं, "बाबा, भैनीला भैन भेटवतोस का भैनच पलवून नेतोस?"

सगळं झाल्यावर दिसलं की जुना चिमटा चार बोटं लांब आहे. गाडी समोरून उंच झाली, मान वर करून आरवायच्या तयारीत असलेल्या कोंबड्यासारखी. मिस्त्रीनं नळ्या पट्टीतून वर सरकवल्या. गाडी खाली आली, पण हँडलवर दोन शिंगं उगवली. त्या शिंगांची तोंडं झाकायला मी घरातून खोकल्याच्या औषधाची दोन झाकणं आणली. फिट्ट बसली. मिस्त्री खूश.

मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन गाडीकडे पाहिलं. मागून बघितलं तर भावजींची काळी कुळकुळीत, सीटवर प्लास्टिक असलेली, दोन वर्षांची गाडी. पुढून बघितलं तर पंधरा वर्षं मासे वाहून निवृत्त झालेली. पुढून आजोबा, मागून नातू.

"कळेल का रे?" मी विचारलं.

मिस्त्रीनं मान तिरकी करून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली. "माणूस कुठून बघतो त्यावर हाय."

पण चालवायला? काय सांगू! गाडी लोण्यावरून चालल्यासारखी चालायची. खड्डा आला की आजोबा खाली बसायचे, हळूच उठायचे. खड्डा दिसला की उतरून गाडी हातानं पलीकडे न्यायचं मी सोडून दिलं. फक्त एक गोष्ट कळत नव्हती. पहिल्या दिवशी संध्याकाळी गाडीखाली एक मांजर बसलेलं होतं. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी मनवेलपाड्यातली झाडून सगळी मांजरं आमच्या जिन्याखाली सभेला जमली, आणि लुगड्याचं पांघरूण पुढच्या बाजूनं चाटून चाटून ओलं केलेलं. आई म्हणाली, "तुझ्या गाडीला फारच माया लागलीय मांजरांची." मला वाटलं, ऊब मिळते म्हणून बसत असतील.

दसरा आला. आणि दसऱ्यानंच मला उपाय दिला. दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो, झेंडूची माळ घालतो. एक माळ घालतो. पण किती घालायच्या हे कुठल्या पोथीत लिहिलंय? सकाळी लवकर, रस्ते मोकळे असताना गाडी घेऊन होळीला पोचलो. भावजी दहाच्या सुमारास यायचे होते.

"ताई, वाडीतला झेंडू किती निघेल?"

"माळेपुरता ठेवलाय बाजूला."

"माळेपुरता नको. टोपलीभर दे. यंदा पूजा जरा मोठी करू."

तिनं काही विचारलं नाही. टोपली दिली, सुई-दोरा दिला, वर स्वतः ओवायलाही बसली. मधूनच तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, खोकतेय. नऊ वाजेपर्यंत गाडीचा पुढचा भाग झेंडूखाली गाडला गेला. दिवा नाही, चिमटा नाही, मडगार्ड नाही, शिंगं नाहीत. नुसता एक केशरी डोंगर, त्याला मागे गाडी जोडलेली.

भावजी आले. हातातली बॅग ठेवली, चपला काढल्या आणि अंगणातच थांबले.

"हे काय? लग्नाचा मांडव पडलाय का कुठे?"

"पूजा, भावजी. तुमच्या गाडीची. म्हटलं, दसरा आहे."

ते मागच्या बाजूनं आले. प्लास्टिकवर हात फिरवला. मागचा दिवा पाहिला, नंबरप्लेट पाहिली. "चकाचक ठेवलीस," म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच कौतुक होतं. मला गलबलून आलं. माझ्या खिशातली किल्ली आता कायमची माझी होणार होती. एका फुटाचं अंतर उरलं होतं, मागच्या चाकापासून झेंडूपर्यंत.

तेवढ्यात वाडीतून त्यांचं पांढरं मांजर आलं. सरळ गाडीकडे गेलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि झेंडूत तोंड खुपसून चाटायला लागलं. पाठोपाठ शेजारचं काळं आलं. मग एक बांधावरून उडी मारून आलं. भावजींच्या कपाळावर आठी पडली. ते खाली वाकले, झेंडूत हात घातला, तेलकट झालेलं बोट बाहेर काढलं, नाकाला लावलं. वसईचा माणूस, माशाच्या बाबतीत त्याला फसवणं कठीण.

"मुशी," ते म्हणाले.

"काय?"

"मुशी माशाच्या काळजाचं तेल. होडीच्या लाकडाला लावतात ते." ते सरळ उभे राहिले. "शालकबुवा, माझ्या गाडीला होडीचं तेल का लागलंय?"

भावजींनी पहिली माळ काढली. मग दुसरी. एकेक माळ घडी घालून टोपलीत ठेवत होते. तेवढ्यातही टापटीप.

"मी चौकोनी दिव्याची गाडी ठेवून गेलो होतो."

"हो."

"हा गोल आहे."

"हो."

"मडगार्ड पत्र्याचं."

"मजबूत असतं, भावजी."

"आणि ही झाकणं?"

"खोकल्याच्या औषधाची."

"कुणाला झालाय खोकला? गाडीला?"

इथं ताईचा बांध फुटला. ती पायरीवर बसून पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अहो, मला माशावरूनच कळलं होतं," ती म्हणाली. "डोक्यावर हँडलच्या मुठीची अख्खी नक्षी उठली होती त्याच्या. म्हटलं, बघू तरी हा काय काय करतो." म्हणजे ती दहा दिवस मजा बघत होती, वर फुलंही ओवून देत होती. सख्खी बहीण! मिस्त्रीच्या दोन बहिणींपेक्षा वेगळं काय झालं?

मग मी सगळं सांगितलं. दाढा, किल्ला, बोंबील, कावळे, पडवीतले दोन डबे. सांगून झाल्यावर भावजींनी हात पुढे केला. मी किल्ली दिली. त्यांनी गाडी सुरू केली आणि वाडीतल्या त्या गाड्यांच्या चाकोऱ्यांनी भरलेल्या मातीच्या वाटेवरून केळींमध्ये दिसेनासे झाले. मांजरं त्यांच्यामागे धावत गेली.

बराच वेळ लागला त्यांना. परत आले, गाडी स्टँडवर लावली, हँडल दाबून पुढचा भाग दोनदा खालीवर करून पाहिला. आजोबा बसले, उठले.

"अट काय होती?" त्यांनी विचारलं.

"जशी दिली तशी दिसली पाहिजे."

"मग? दिसते तशी?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता आणि खरं बोलवत नव्हतं. मी गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"इथून दिसते," मी म्हणालो.

भावजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बघत राहिले. मिशीखाली काहीतरी हललं.

"खरंय," ते म्हणाले. "मागून आहे तशीच आहे. पण पुढचं बदललंस, म्हणजे अट मोडली, तेव्हा मागचं अर्धं माझंच राहिलं. आणि पुढचं अर्धं मी दिलंच नव्हतं, तूच आणलंस. तेव्हा पुढचं तुझं, मागचं माझं. गाडी इथं राहील. माझं अर्धं मी रोज वापरणार, त्याच्याबरोबर तुझं येईल. मी नवी घेत नाही आता. भाजीच्या गोणी घेऊन वाडीतल्या चाकोऱ्यांत एवढी मऊ गाडी मला नव्या मॉडेलात मिळायची नाही."

"म्हणजे मला गाडी..."

"अर्धी मिळाली. तुझ्या मानानं पुष्कळ आहे."

हा निवाडा त्यांनी थट्टेत दिला असं मला वाटलं. नाही. भावजींनी तो अक्षरशः पाळला. पुढची सात-आठ वर्षं आमच्या शेजारच्यांच्या फोनवर निरोप यायचा: "तुझं चाक पंक्चर झालंय, रविवारी ये." "तुझ्या दिव्याचा बल्ब गेलाय." "तुझा ब्रेक लागत नाही." मी मनवेलपाड्याहून होळीला जायचो, माझं चाक काढायचो, पंक्चर काढून आणायचो, बसवायचो. त्यांच्या चाकाला मी बोट लावायचं नाही, माझ्या चाकाला ते लावत नसत. मुशीचं तेल पहिल्याच आठवड्यात काढून खरं तेल घातलं. पण वास लोखंडात मुरला होता. पुढचं वर्षभर मांजरं यायची, जरा वेळ बसायची, निराश होऊन जायची. माझा वाकलेला मूळ चिमटा ताईनं वाडीत उलटा रोवला आणि त्यावर पडवळाचा वेल चढवला. त्यामुळे तिथली पडवळं वाकडी येतात असं ती सांगायची. पडवळं सगळीकडे वाकडीच येतात, पण तिला कोण सांगणार?

मग वाडीतला माल वाढला आणि भावजींनी छोटा टेम्पो घेतला. दसराच होता. मला बोलावलं. गाडीला या खेपेला एकच माळ होती. भावजींनी मागच्या भागावर हळदकुंकू वाहिलं, किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि या वेळी लगेच सोडली.

"आजपासून मागचं अर्धंही तुझं."

माझे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांनी का होईना, अख्खी गाडी माझी झाली होती. मी बसलो. प्लास्टिकचा आवाज आला. ते अजून तसंच होतं. किक मारली, निघालो आणि अंगणाच्या बाहेर दहा पावलं गेलो नाही तोच मागचं टायर फुस्स करून खाली बसलं. उतरून पाहिलं तर टायर गुळगुळीत, आतले धागे दिसत होते. साखळी लोंबत होती, ब्रेकच्या पट्ट्या झिजून कागदासारख्या झालेल्या.

मी वळून पाहिलं. भावजी टेम्पोच्या काचेवर फडकं मारत होते.

"भावजी, हे टायर..."

"तुझंच आता," ते म्हणाले.